उचल

दिवेलागणीला फोनवर हिरवं बटण उगवतं:
पैसे आजच मिळवा.
खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत,
शेकडा दीड रुपया कपात.

माझेच पैसे.
बत्तीसशे ऐंशीची घोंगडी, जावळाची, लाल काठाची,
म्हसवडच्या स्टँडमागं कुरिअरवाल्याच्या काट्यावर
मी माझ्या हातानं ठेवली.
शुक्रवारी ती गुरगावला पोचली.
कुण्या शिरीनबाईनं फोटो टाकला, पाच चांदण्या दिल्या,
लिहिलं, मेंढरांचा वास येतो, पण छान.

बाईकडं घोंगडी आहे.
माझ्याकडं चांदण्या आहेत.
पैसे वाटेत आहेत.
परतीची मुदत सात दिवस, वर बँकेचे दोन.
न जाणो, बाईला टोचली तर?
तिच्या नवऱ्याला शिंका आल्या तर?
तोवर माझा रुपया तिकडं
रुसलेल्या पाव्हण्यासारखा बसून,
जेवत नाही, उठतही नाही.

मामंजी बाजेवरून विचारतात, "काय बघतीस मघाधरनं?"
सांगितलं.
ते हसले, आत ओढलेल्या ओठांनी.
"म्हंजी उचल.
आमच्या वक्ताला पेठंतला व्यापारी
माल व्हायच्या आधी उचल द्यायचा,
अन् माल आमचा ऱ्हायचा न्हाई.
तुझा ह्यो माल गेल्यावर देतो,
अन् पैसा समदा तुझा ऱ्हात न्हाई.
सुधारणा म्हणायची."

दीड टक्का म्हणजे एकोणपन्नास रुपये वीस पैसे.
खळीपुरते चिंचोके झाले असते.
धाकटीच्या दोन वह्या.
आणि नऊ दिवस म्हणजे तरी काय,
लोकर धुऊन, पिंजून, सूत होऊन
मागाच्या खड्ड्यात पाय सोडेपर्यंत
महिना जातो माझा, कुणी व्याज लावत नाही.
थांबू या.
बटणावरचा अंगठा मी पदराला पुसला.

तेवढ्यात उंबऱ्याशी खोकला.
झुंबराबाई.
डोक्यावरचं गाठोडं उतरवून
सुताची एकेक गुंडी मांडते, ओली पोर निजवावी तशी.
उजव्या हाताचं बोट चातीनं कायमचं वाकलेलं.
मागचे सहाशे मी तिचे देणं आहे.
अकरा दिवस झाले.
ती मागत नाही.
विचारते,
"तुझ्या त्या गुरगावच्या बाईला
थंडी भागती का गं?"

मी तिला म्हटलं होतं, वरनं आले की देते.
वरनं.
जसं काही मी आणि ती
एकाच आभाळाखाली हात पसरून बसलोय.
तिच्या फोनला बटणं आहेत, रबरी, झिजलेली,
त्यातलं एकही हिरवं होऊन
आजच मिळवा म्हणत नाही.
तिची मुदत मी ठरवते.
तिची चांदणी मी देते, तीही कधीमधी, चहाची.
कंपनी कुठं असते
हे मला एवढं जवळून दिसलं नव्हतं.

दाबलं.
चार आकडी नंबर आला, घातला.
चुलीवरची भाकरी उलटायच्या आत
फोन किणकिणला: बत्तीसशे तीस, ऐंशी पैसे.

पण सुताचे पैसे फोनमधून कसे द्यायचे?
डेअरीवाल्या हणमाकडं पळत गेले.
त्याच्या नंबरावर सहाशे दहा धाडले,
त्यानं गल्ल्यातून सहाशे दिले.
दहा त्याचे.
गावातही आता घाईला भाव आहे.

झुंबराबाईनं नोटा तीनदा मोजल्या,
कंदिलागत चेहऱ्यापुढं धरून,
मग कनवटीला लावल्या.
उठताना गुडघ्यावर हात ठेवून थांबली.
"ह्यातनं तुझं काय कापून घेटलंस का न्हाई?"

"न्हाई," म्हटलं.
"मग तुला काय उरलं?"

मामंजी बाजेवर कुशीला वळले.
आत फोनवर शिरीनबाई विचारत होत्या,
असलीच एक पांढरी मिळेल का,
जरा लवकर.